ओरडून सांगितलेली प्रीती

प्रभू माझं ऐकतो की नाही, असा संशय मला त्या वर्षी यायला लागला होता. साहेबलोक ऐकत नाहीत याची तर खात्रीच होती! आमची वस्ती न्हावऱ्याच्या पुढं. शिरूरला जाणारी एसटी रोज आमच्या तोंडावर धूळ उडवून निघून जायची, थांबायची नाही. धाकटी बहीण रूथ दहावीला, शाळा शिरूरला. भरलेल्या जीपला मागं लोंबकळत ती जायची. शेवटी आप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी थांबली तर ठीक. न्हाई तर पोरगी घरी बसंल." रूथ भाकरी थापत राहिली.

वस्त्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनेची पत्रकं मी लिहायचो. 'धिक्कार असो' म्हटल्याशिवाय माझं वाक्य संपायचं नाही. मी एसटीच्या हापिसात गेलो, साहेबांच्या टेबलावर हात आपटला, घसा बसेपर्यंत ओरडलो. साहेब मान खाली घालून सह्या करत होते. "बघू, बघू," एवढंच म्हणाले. माणूस आहे का दगड?

त्या रविवारी दौंडच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी प्रार्थनासुद्धा ओरडूनच केली. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. "बाबा रे, देवाला ऐकू येतं," ते हसत म्हणाले, "पण मार्थाबाईंना येत नाही. म्हातारी एकटी असते. दर रविवारी जाऊन तिचं पाणी भर आणि उपदेश सांगून ये. तुझ्याएवढा आवाज मंडळीत दुसऱ्या कुणाचा नाही."

अन्यायाशी लढणाऱ्यानं पाणी भरायचं? तरी गेलो. पिंप भरलं, समोर बसलो आणि छाती फुगवून ओरडलो, "प्रभू तुमच्यावर प्रीती करतो!" शेजारीण दारात आली. "काय भांडण लागलं व्हय?" मार्थाबाई मात्र घाबरून माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "काय चुकलं रं माझं? देव एवढा कशापायी चिडलाय?"

शब्द त्यांना पोचलेच नव्हते, पोचला होता तो माझा चेहरा. प्रभूची प्रीती सांगायला गेलो आणि एका म्हाताऱ्या जिवाला त्याचीच भीती घातली! शेजारणीनं खुणेनं समजावलं तेव्हा त्या खुदकन हसल्या. "लेकरा, वरडलं की तोंड वाकडं हुतं. मला व्हट बघून कळतं. उजेडाकडं तोंड कर, आन् दमानं बोल."

दमानं! मी आणि दम! पण रविवारमागून रविवार मी ते शिकलो. प्रभूनं सांगितलेली दाखल्याची एक गोष्ट सांगायला अर्धी दुपार जायची. समजलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की मोर्चा गाजवूनही मला तसा आनंद कधी झाला नव्हता.

सुट्टी संपत आली. हातात नवं, जळजळीत पत्रक घेऊन मी पुन्हा त्या साहेबांपुढं उभा राहिलो. तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्या ओठांवर येऊन थांबली. ती नजर मी दर रविवारी बघत होतो. पत्रक खिशात घातलं, खिडकीच्या उजेडात खुर्ची ओढली आणि हळूहळू सगळं सांगितलं.

"मुलीची शाळा किती वाजता भरते?" त्यांनी विचारलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कानाचं दुखणं आहे हो, ओठ बघून समजतं. इथं सगळे ओरडतच येतात, मला नुसता गोंगाट होतो."

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी वस्तीवर विनंती थांबा झाला. गाडी थांबली! कंडक्टर ओरडला, "चल गं दहावी, का आता हार घालू तुला?" रूथ धावत चढली. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

याला कुणी योगायोग म्हणो, मी वाद घालत नाही. मला कुठं पाठवायचं आणि कशासाठी, हे प्रभूला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी कुरकुरत गेलो. त्याचे उपकार कसे फेडू! लढाई मी सोडलेली नाही, अजून कितीतरी वस्त्यांवर गाडी थांबत नाही. पण आता निघण्याआधी गुडघे टेकतो आणि म्हणतो, प्रभो, आज जिंकायचं का हरायचं ते तू ठरव. फक्त माझ्यामुळं कुणी तुला घाबरून लांब जायला नको.