धाकूनानांचा डावा हात

धाकूनानांचा डावा हात जमिनीवर असताना कुणाला फारसा दिसलाच नाही. खांबावर चढताना ते दोन्ही हात वापरायचे. खाली उतरले की डावा हात खाकी पाटलोणीच्या खिशात. चहाचा पेला, बसचं तिकीट, गणपतीचा प्रसाद, सगळं उजव्या हातानं. देवापुढेही एकच हात छातीशी धरून उभे राहायचे. बैठकेत त्यावरून हशा पिकायचा. बैठका म्हणजे त्यांच्या वस्तीतली पत्र्याची खोली. संध्याकाळी तिथे मराठी बाराखडी चालायची आणि भाद्रपदात गणपती बसायचा. "देवाला अर्धाच नमस्कार व्हय, नाना?" असं कुणीतरी विचारायचंच. नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "दोन हात लावलंस की कुरां छातीतनं जातो. एक लावलास तर वाचशील. देवाला ठावं हाय ते."

कुरां म्हणजे वीज. नाना एका वीज कंपनीत तारा ओढणाऱ्या टोळीचे सरदार होते. आमच्या मॉरिशसमध्ये मुकादमाला सरदार म्हणतात. लढाया वगैरे काही नाहीत, वीस माणसं आणि दोन शिड्या. मी त्याच कंपनीच्या कचेरीत कारकून होतो, तिथला एकुलता एक मराठी. शहरात वाढलेलो, बूट घालणारा, शुद्ध मराठी पुस्तकातून शिकलेला. नानांना माझं फार कौतुक. "केशव आपला हाय कचेरीत," असं ते टोळीला सांगायचे.

फायलींत 'बावीस हजार व्होल्ट' हे मी रोज लिहायचो, पण इतके कशाला लागतात हे मला नानांनी सांगितलं, एका खांबाखाली बसून. "धबधब्यापास्नं कारखान्यापर्यंत कुरां न्यायचा तर जोर मोठा लागतो. जोर वाढवला की गर्दी कमी होते. तार गर्दीनं तापते, केशव, जोरानं न्हाय. घरातल्या दिव्याचा कुरां तसाच धाडला, तर तार मनगटाएवढी लागंल, नि एवढं करून निम्मा वाटेतच खाऊन टाकंल." मग उजव्या हाताचं बोट वर करून म्हणाले, "जिथं दिवा पायजे तिथं पेटी लावायची. पेटी जोर उतरवते. पेटी न्हाय तर दिवा न्हाय." ट्रान्सफॉर्मरला ते पेटीच म्हणायचे.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं नवी लाइन आखली. ती शमें ग्रेनिए गावाच्या वर, नेमकी नानांच्या वस्तीवरून जाणार होती. तारेखाली दोन्ही बाजूंची झाडं तोडायला लागणार होती, आणि लोक संमती द्यायला तयार नव्हते. बायजामावशी तर मुळीच नाही. ही नानांची शेजारीण, विधवा, एकटी. तिच्या परसात नवऱ्यानं लावलेला फणस होता आणि तो बरोबर तारेखाली येत होता. आमच्या साहेबानं वस्तीसाठी एक ट्रान्सफॉर्मर कबूल केला, अकरा नंबरच्या खांबावर, आणि लोकांना समजवायला नानांना धाडलं. तीन रविवार नाना घरोघर फिरले. तिसऱ्या रविवारी बायजामावशी म्हणाली, "कंपनी मला ठावं न्हाय, धाकू. तू म्हणतोस म्हणून अंगठा देते."

अंगठे घेण्याच्या आधी नाना कचेरीत आले होते. "केशव, पेटी कागदात हाय ना? मी माझ्या तोंडानं सांगणार हाय."

कागदात पेटी नव्हती. आदल्याच आठवड्यात खर्च कमी करायचा म्हणून साहेबानं ती काढायला लावली होती, आणि यादीतली ती ओळ तांबड्या शाईनं खोडणारा मीच होतो. "आधी संमती येऊ दे," साहेब म्हणाला होता. मला माझी खुर्ची गमवायची नव्हती. एवढंच कारण होतं, दुसरं काही शोधून सापडत नाही.

"आहे नाना," मी म्हणालो.

झाडं पडली. अकरा नंबरच्या खांबावर पेटी ठेवायला दोन लोखंडी हात बसवले होते, ते मात्र तसेच राहिले, कारण ते काढायचं कुणाला सुचलं नाही. नाना लोकांना ते दाखवायचे. "हात हायेत, म्हणजे पेटी येणार." लाइन चालू झाली, कारखाना उजळला, साहेबलोकांचे बंगले उजळले. वस्तीत रॉकेलच्या चिमण्या. बायजामावशी तारेकडे बघून म्हणायची, "आयो धाकू, एवढा कुरां डोक्यावरनं जातोय, एक धागा खाली सोड की माझ्यासाठी." नाना म्हणायचे, "मावशी, ती तार खाली आली तर दिवा न्हाय लागत, घर लागतं." पहिल्या वर्षी लोक यावर हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नानांचं नाव 'बावीस हजार' ठेवलं. बसमधून उतरले की कुणीतरी ओरडायचं, "बावीस हजार आला रे, चिमण्या विझवा!" दर महिन्याला नाना माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, डावा हात खिशात. मी सांगायचो, पुढच्या बोटीनं येईल.

मग मोठं वादळ आलं आणि खांब काडीसारखे मोडले. नानांची टोळी महिनाभर लाइन उभी करत होती. अकरा नंबरचा खांब वाकला नव्हता. त्याच सुमारास वरून हुकूम आला की त्याच्यावरचे लोखंडी हात काढून दुसरीकडे लावा, तिथे ट्रान्सफॉर्मर ठरलेला नाही. हुकूम मीच टाइप केला होता. नाना तो कागद घेऊन आले. फ्रेंच त्यांना अडखळत वाचता यायचं.

"कवापास्नं न्हाय ठरलेला?"

"झाडं तोडायच्या आधीपासून."

नानांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "रविवारी बैठकेत ये," एवढंच म्हणाले. "तूच सांग लोकांना."

मी गेलो. घरून निघताना सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. नाना उभे राहिले, म्हणाले, "पेटी येणार न्हाय. कवाच येणार नव्हती." मग ते थांबले आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. साऱ्या बैठकेनं वळून पाहिलं. मी खाली, माझ्या बुटांकडे बघत राहिलो. वर पाहिलं तेव्हा नानांनी डावा हात खिशातून काढला होता. दोन्ही हात जोडून ते बायजामावशीसमोर उभे होते. "कुणी सांगितलं नव्हतं. मीच बोललो. माझं चुकलं."

बायजामावशी म्हणाली, "फणस तर गेला, धाकू. आता हात कशाला जोडतोस?"

त्यानंतर तो हात पुन्हा खिशात गेला नाही. नानांनी सरदारकी सोडली आणि गोदामात काम मागून घेतलं. बैठकेत त्यांना कुणी बोलावेना, गणपतीलासुद्धा नाही. समोर आलो तर मला ते मान हलवून ओळख द्यायचे. त्यांच्या मयतीला वस्तीतली सात-आठ माणसं होती. बायजामावशी त्याआधीच गेली होती, चिमणीच्या उजेडातच.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी वस्तीत वीज आली. तोवर मी साहेब झालो होतो, बटण दाबायला मलाच बोलावलं. गळ्यात हार घातला. अकरा नंबरच्या खांबावर नवी कोरी पेटी होती. गर्दीतून नानांची बायको, पार्वतीकाकी, वाट काढत पुढे आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "नाना शेवटपर्यंत सांगायचे, कचेरीत आपला एकच माणूस होता. केशवनं लय खटपट केली, वरच्यांनी ऐकलं न्हाय."

मी दोन्ही हात जोडले. तिला तो नमस्कार वाटला, आणि मी तसंच वाटू दिलं.