केस जळू न देता

मेधावहिनींनी माझ्या मुलीच्या केसांत कंगवा खोचला आणि हात काढून घेतला. कंगवा पडला नाही.

"बघा," त्या म्हणाल्या, "खुंटीच झाली. पर्स टांगते आता."

सगळे हसले. सिंगापुरात, बुकित तिमाहमधल्या वहिनींच्या कॉन्डोची फंक्शन रूम होती. इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम. दहा मुली नऊवारीत नाचणार होत्या आणि सगळ्यांचा एकसारखा खोपा बसवून बघायचा होता. नऊ जणींचा बसला. दहावी माझी रमा. अकरा वर्षांची. स्टुलावर बसली होती, मान खाली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

वहिनींनी कंगवा ओढून काढला. टिश्यूने बोटं पुसली. मग माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी गोड.

"भाऊजी, तुमच्यात सगळ्यांचेच असे असतात का हो?"

तुमच्यात. हा शब्द मी लहानपणापासून ओळखतो. तो कधीच घरापुरता नसतो.

मी हसलो. इतरांपेक्षा थोडा जास्तच हसलो. म्हणालो, "नाही हो, आजीवर गेलेत." माझ्या आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिच्यावर ढकलून मी मोकळा झालो. माझे स्वतःचे केस असेच आहेत. नोकरी लागल्यापासून दर तीन आठवड्यांनी मशीन फिरवून मी ते पार बारीक करतो. त्या खोलीत कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

"पुढच्या शनिवारी सरळ करून आणा," वहिनी म्हणाल्या. "ओळीत एकच डोकं वेगळं दिसतं."

"आणतो," मी म्हणालो.

परतताना एमआरटीच्या गाडीत रमा खिडकीला टेकून बसली होती. आमचं स्टेशन, सेंगकांग, यायच्या आधी तिने विचारलं, "बाबा, तुमच्यात मीन्स हू?"

"आपल्या घरात," मी सांगितलं. खोटं.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनीअर आहे. बोलतो शुद्ध. मंडळात कुणी कुलदैवत विचारलं तर खंडोबा सांगायचो. घरातली बुद्धाची मूर्ती आतल्या खोलीत. मंडळातले पाहुणे आले की त्या खोलीचं दार ओढून घ्यायचो. आमच्या ब्लॉकमधल्या कितीतरी चिनी घरांत दारासमोरच बुद्ध बसलेला आहे, उदबत्तीसकट. मी माझा दाराआड ठेवला. रमालाही शिकवलं होतं, विचारलं तर काय सांगायचं. ती सांगायची.

माझी बायको वंदना इथे नर्स आहे. तिचे केस सरळ. तिने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मी नाही करणार. तुम्हाला करायचे तर तुम्ही करा." मला वाटलं, ती चिडलीय म्हणून बोलतेय. मी केले.

आणि नीट केले. हे मला लिहायला हवं, कारण माझा गुन्हा इथेच आहे. मी ते वाईट केलं नाही. उत्तम केलं.

यंत्राशी वागावं तसा मी त्या केसांशी वागलो. आधी वाचलं, मग हात लावला. शुक्रवारी संध्याकाळी सौम्य शाम्पू, मग वीस मिनिटं कंडिशनर. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टने टिपायचं. शनिवारी सकाळी उष्णतेपासून वाचवणारं क्रीम, मुळापासून नाही, लांबीवर. केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसाला तापलेली पट्टी लागली की आतलं पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो. मग डोक्याचे आठ भाग, क्लिपा, आणि एकेक पातळ बट. एका बटेवरून इस्त्री एकदाच. संथ.

स्ट्रेटनरवरच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. यार्डात बेअरिंग तापलंय का बघायला आम्ही टेम्परेचर गन वापरतो, लांबूनच तापमान सांगणारी. ती मी घरी आणली. आकडा एकशे ऐंशीचा, आणि पट्टीच्या एका कोपऱ्यात दोनशे दहा. ते मशीन परत केलं. तीन बघितली, चौथं घेतलं. माझ्या मुलीच्या डोक्याला एकशे ऐंशीच्या वर एक अंश लागू दिला नाही. पंधरा दिवसांतून एकदाच. दर दोन महिन्यांनी टोकं कापायची. उशीला सॅटिनचा अभ्रा.

केस जळले नाहीत. तुटले नाहीत. चमकायचे. पहिल्याच पाडव्याला मेधावहिनींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हात. यावेळी टिश्यू लागला नाही.

मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची मला आज शिसारी येते.

सरळ केलेला केस सिंगापूरच्या हवेत जपला नाही तर तासभरही टिकत नाही. घाम आला, पाऊस लागला, की मुळाशी वळायला लागतो. म्हणून मी नियम केले. छत्रीशिवाय खाली उतरायचं नाही. दुपारी बॅडमिंटन नाही. आणि पोहणं बंद. रमा शाळेच्या टीममध्ये पोहायची. मी तिच्या कोचला सांगितलं, कानाचा त्रास आहे. तिच्या कानाला काही झालं नव्हतं. तिने एकदाच विचारलं, "बट आय लाइक, बाबा." मी म्हणालो, "क्लोरीनने केस खराब होतात." तिने पुन्हा विचारलं नाही. पोहण्याची बॅग कपाटावर गेली.

दोन वर्षं असं चाललं. मी ते केस जाळले असते तर महिन्याभरात थांबलो असतो. वंदनाने हात धरला असता, डॉक्टरकडे गेलो असतो, लाज वाटली असती. मी जळू दिले नाहीत, म्हणून चाललं. काळजी घेतोय, काळजी घेतोय, असं स्वतःला सांगत मी दर पंधरा दिवसांनी माझ्या पोरीला स्टुलावर बसवत होतो आणि तिला न बोलता सांगत होतो की तू जशी आहेस तशी चालणार नाहीस.

या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा रमा तेरा वर्षांची होती. मेधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचं मशीन घेऊन या बरं का. नवीन एक आलीय, तिचंही तसंच जंगल आहे. तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

मी गेलो. मशीन घेतलं, क्रीम घेतलं, क्लिपा घेतल्या, टेम्परेचर गनही घेतली. कुणी मोठं काम सोपवल्यासारखा गेलो.

नवीन मुलीचं नाव ओवी. सात वर्षांची. बाप विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, लातूरकडची माणसं, येऊन सहा महिने झालेले. आई भिंतीला लागून उभी होती, हातात डबा. सगळ्या बायका बसल्या होत्या, ती उभीच. मला हळूच म्हणाली, "काका, केस खराब नाही ना व्हायचे तिचे?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "आमच्या रमाचे बघा."

मी रमाला बोलावलं. खांद्याला धरून पाठमोरी वळवली. तिचे केस तळहातावर घेऊन उचलून दाखवले, दुकानदार साडीचा पदर दाखवतो तसे. रमा उभी राहिली. तिला सवय होती.

मग मी ओवीला स्टुलावर बसवलं. पट्टी तपासली. पहिली बट घेतली, सरळ केली. दुसरी कानाजवळची होती. पट्टीची धग कानाला लागली आणि पोरगी थरथरायला लागली. मी थांबलो. तेवढ्यात कुणी न सांगता रमा पुढे आली. दोन बोटांनी तिने ओवीचा कान दुमडून धरला.

"हलायचं नाही," रमा म्हणाली. "रडायचं पण नाही. रडलं की हात वर जातो, मग भाजतं. थोडे दिवस बोअर होतं. नंतर कोणी लाफ नाही करत लाह."

पहिली तीन वाक्यं माझी होती. शब्दन् शब्द माझी, आवाजही माझा. शेवटची दोन तिची होती, इथल्या पोरांच्या त्या 'लाह'सकट. दोन वर्षं ती स्टुलावर गप्प बसून काय समजत होती, ते मला त्या शेवटच्या वाक्यात कळलं.

मेधावहिनी कौतुकाने हसल्या. "अगदी बाबांची असिस्टंट. बघ ओवी, ही ताई कशी माणसात आली. तुलाही आणू."

माणसात.

मी भिंतीतला प्लग काढला.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. मी करणार नाही."

"अहो, आता मध्येच काय? अर्धवट दिसेल पोरगी."

"दिसू द्या."

"वहिनी, आम्ही बौद्ध आहोत," मी म्हणालो. "पूर्वीचे महार. तुम्ही मला विचारलं होतंत, दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत. मी तेव्हा उत्तर दिलं नाही."

त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग दुखावल्यासारखा. "मी कुठे जात काढली? मी केसांचं बोलत होते."

"मीही केसांचंच बोलतोय."

"सिंगापुरात कोण बघतं हो हे सगळं? आमच्या मनातही नसतं."

"तुम्ही बघितलंत. कंगवा खोचून बघितलंत."

पंधरा-वीस माणसं होती, ओळखीची, माझ्या घरी जेवून गेलेली. एकाने मोबाइल काढला. वहिनींचे यजमान आतून म्हणाले, "चहा झालाय, चहा घ्या सगळ्यांनी," आणि सगळे चहाकडे वळले. आमचं जातीबद्दलचं बोलणं नेहमी असंच संपतं. चहा येतो. ओवीच्या आईने ओढणीच्या टोकाने पोरीच्या केसांतलं क्रीम पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

रमा घरापर्यंत माझ्यापासून चार पावलं लांब चालली. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. काय मूर्ख माणूस मी. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या बाकावर तिला बसवलं तर ती म्हणाली, "यू शेम मी इन फ्रंट ऑफ एव्हरीवन. नाऊ यू स्टॉप, मग स्कूलला मी कशी जाऊ? सगळ्यांना माझे केस स्ट्रेट माहीत आहेत."

मी तिला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात न्हावी आमच्या माणसांच्या डोक्याला हात लावत नसे. त्याच्या दुकानासमोर माझे वडील एकदा मला घेऊन उभे राहिले होते आणि त्याने वस्तरा धुण्याचं पाणी आमच्या पायांजवळ फेकलं. वडील घरी आले, कात्री घेतली, आणि त्या दिवसापासून आम्हा तिघा भावांचे केस स्वतः कापायला लागले. वाकडेतिकडे. शाळेत पोरं चिडवायची.

रमा म्हणाली, "सेम व्हॉट. आजोबाने केस कापले बिकॉज बार्बर डोन्ट वॉन्ट. तू इस्त्री केली बिकॉज आंटी डोन्ट वॉन्ट."

"नाही," मी म्हणालो. "सेम नाही. माझे वडील कापताना दर वेळी सांगायचे, तो न्हावी हलकट आहे. तुझे केस वाईट आहेत असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी तुला केसच वाईट आहेत असं शिकवलं. आणि त्या बाईला वहिनी म्हणत राहिलो."

"अँड यू न्यू? तेव्हा पण?"

"हो. माहीत होतं."

ती उठली आणि एकटीच लिफ्टने वर गेली.

त्या शुक्रवारी वंदनाने रमाचे केस धुतले. वाळले, तेव्हा मी जवळून बघितले. मागचे केस वळले, दाट, माझ्या आईसारखे. कपाळावरच्या दोन बटा वळल्या नाहीत. समोर दिसतात म्हणून त्यांच्यावरून मी सगळ्यांत नीट, सावकाश इस्त्री फिरवायचो. त्या आता दोरीसारख्या लोंबतात. ओल्या केल्या तरी तशाच. कापण्याशिवाय इलाज नाही. एकशे ऐंशी अंश, क्रीम, सॅटिनचा अभ्रा, सगळं करूनही त्या मेल्या होत्या, आणि दोन वर्षं मी त्यांनाच निरोगी म्हणत होतो.

शनिवारी सकाळी रमाने दार आतून लावून घेतलं आणि स्वतःच स्ट्रेटनर लावला. तापलेल्या क्रीमचा वास दाराखालून येत होता. मी दार वाजवलं नाही. केस तिचे आहेत, ती सरळ ठेवेल किंवा मोकळे सोडेल. तिच्या डोक्याबद्दल बोलण्याचा माझा अधिकार मी घालवून बसलोय. एक काम मात्र केलं. तिच्या कोचला फोन केला आणि सांगितलं की कानाचं मी खोटं बोललो होतो. रमाला कळलं. बॅग अजून कपाटावरच आहे.

बुद्धाची मूर्ती बाहेरच्या खोलीत आणली. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, आम्ही कोण आहोत आणि मी दोन वर्षं काय केलं. खाली लगेच कुणीतरी साड्यांच्या रंगाबद्दल विचारलं.

काल ओवीच्या आईचा मेसेज आला. वहिनी म्हणाल्यात, येत्या शनिवारी त्या स्वतः ओवीचे केस करून देतील. तिने एवढंच कळवलंय. काय करू, असं विचारलेलं नाही. तिचा नवरा इथे नवा आहे, तिला इथे दुसरं कुणी नाही. ती नाही म्हणू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. मीही म्हणू शकलो नव्हतो, आणि माझ्याकडे तर पक्की नोकरी होती.

मी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघते काका."

शनिवारी मी जाणार आहे. मला बोलावलेलं नाही. गेटवर अडवलं तर गेटवर उभा राहीन. आत गेलो तर त्या दहाही मुलींसमोर सांगेन की या डोक्यांना काही झालेलं नाही, किळस त्यांना हात लावणाऱ्यांच्या मनात आहे, आणि दोन वर्षं ती माझ्या हातांत होती. ओवीच्या आईने नको म्हटलं तर ती त्या खोलीत एकटी नसेल. तिने हो म्हटलं, तरी मी बोलणार. आणि पुढच्या तालमीला परत जाणार.

रमाला चल म्हणालो नाही. वंदना येणार आहे.