धूर नाही, पण पाव संपतो

सकाळी उठल्यावर रुसाना आधी खिडकीशी जायची, तोंड नंतर धुवायची. सुहोदोल गावात आता नऊच धुराडी चालू होती आणि प्रत्येक म्हातारं माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी धुराड्यावर लक्ष ठेवून होतं. धूर निघाला म्हणजे माणूस उठलं. रुसानाच्या खिडकीतून दिसायचं ते नेमकं ओढ्यापलीकडच्या करामफिलचं धुराडं, आणि त्याच्याशी तिने एकोणीस वर्षं अबोला धरला होता.

कारण सांगायचीही चोरी. इथल्या बायका स्वतःच्या मरणाचे कपडे स्वतःच शिवून ठेवतात, उन्हाळ्यात त्यांना एकदा ऊन दाखवतात. तिचा तो काळा लोकरी घागरा कुंपणावर होता आणि करामफिलच्या बोकडाने अर्धा खाल्ला. तेही तिने गिळलं असतं. पण हा मेला पोट धरधरून हसला.

आता चार दिवस त्याच्याकडे धूर नव्हता. ऑक्टोबर सरत आलेला, सकाळी हौदातलं पाणी गोठलेलं. दुसऱ्या दिवशीच रुसानाने तो गेला असं धरलं. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या कुंपणावर सगळ्यांच्या पावाच्या पिशव्या टांगलेल्या असतात, गाडीवाला त्यांत पाव टाकून जातो; तिथे मात्र करामफिलची पिशवी रोज रिकामी होत होती! मेलेला माणूस पाव न्यायला येत नाही. आणि जिवंत माणूस या थंडीत चुलीशिवाय राहत नाही. तिचं डोकंच चालेना.

पावाची गाडी आली तेव्हा तिने गाडीवाल्या झ्लात्कोला गाठलं.

"त्याचा पाव कोण नेतं रे?"

"मी पाव टाकतो नि पुढे जातो, आजी. त्यालाच विचार की."

"मी? त्या बोकडवाल्याला?"

"मग बस घरी डोकं धरून."

ती निघाली. राजम्याचं कालवण घेतलं, परत ठेवलं. मेला असेल तर काय उपयोग, आणि जिवंत असेल तर माज चढेल. शेवटी घेतलं.

दार करामफिलनेच उघडलं. नुसत्या सदऱ्यावर, चांगला ठणठणीत.

"लेकीने हीटर पाठवलाय," तो गोंधळून म्हणाला. "लाकूड नको, राख नको. तू कशी काय वाट चुकलीस?"

"धूर नव्हता."

"कसला धूर?"

"तुझा! एकोणीस वर्षं रोज बघतेय मेल्या, आणि तू न सांगता बंद करतोस?"

या वेळी तो हसला नाही. "मग... विचारायचंस."

"काय विचारायचं?"

कालवण उंबऱ्यावर ठेवून ती परतली. तो जिवंत होता याचा तिला आनंद झाला होता, मग एवढा राग कसला येत होता? धुराचं बरं होतं, त्याच्याशी बोलावं लागत नव्हतं. आता रोज सकाळी करायचं काय? कुठल्या तोंडाने जायचं?

दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी उभी राहिली. धुराडं गारच. तिने बूट चढवले आणि ओढा ओलांडला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं त्याच्या फाटकाशी आल्यावर विसरली.

"करामफिल! मेलास का रे?"

आत खुर्ची सरकली.

"नाही अजून!"

"बरं," म्हणून ती वळली. दहा पावलं गेली असेल, तोच मागून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"उद्या जरा उशिरा ये गं! मी आठला उठतो!"

हसावं की शिवी हासडावी, रुसानाला कळेना.