उंदीर कोणी टाकला?

मागच्या मंगळवारी सकाळी टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरात, ओटीवर, मेलेला उंदीर सापडला. एरवी शेपटी धरून उकिरड्यावर फेकला असता... पण हे दिवस प्लेगचे. उंदीर पडला की घर सोडायचं आणि गावाबाहेर शेतात झोपडी बांधून राहायचं, हे आता पोरासोरांनाही पाठ झालंय.

घर सोडायला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, साफ नकार होता. "कुलूप लावलं की घर चोराचं," हे एकच पालुपद. इकडे माझ्या बहिणीला, यमूला, नववा महिना लागलेला... आणि भिंतीपलीकडच्या घरातून दोन तिरड्या गेलेल्या. आईने विनवण्या केल्या, अबोला धरला, जेवण सोडलं. अण्णा ढिम्म.

आणि नेमका तेव्हाच उंदीर. शेजाऱ्यांनी बोंब मारली, निघणं भागच पडलं. पण उंदीर ओला होता... पाऊस नाही, पाणी नाही, मग ओला कसा? अण्णा म्हणाले, हा प्लेगने मेलेला नाही, कोणीतरी मारून आणून टाकलाय. घर रिकामं करायचा डाव आहे. पण शेजारी ऐकायला तयार नव्हते.

कोणाचा, ते विचारायचीही गरज नव्हती. आमच्या परसातल्या खोलीत गोविंद राहायचा. मुंबईची गिरणी बंद पडली तसा बायको-पोरांना घेऊन इकडे आला, तेव्हापासून हाताला काम नाही. "पोटात आग असली की माणूस काय वाटेल ते करतो," अण्णा म्हणाले आणि खरं सांगतो, मला पटलं. आदल्या संध्याकाळी तो ओटीपाशी घुटमळताना मीच पाहिला होता. काम मागायला आला असेल, हे आत्ता सुचतं.

तो एवढंच म्हणाला, "अण्णा, माजी पोरं बी हितंच निजत्यात. मी कशाला मरण आणू घरात?" अण्णांनी त्याच दुपारी त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर काढलं. आई दारात उभी राहून सगळं बघत होती.

झोपडीत आल्यावरही माझा संशय जाईना. रोज जाऊन कुलूप ओढून बघायचो. घर जसंच्या तसं... मग डाव होता तरी कशाचा?

हळूहळू भलतीच गोष्ट टोचायला लागली. उंदीर म्हटलं की किंचाळत पाटावर चढणारी आमची आई त्या सकाळी शांत होती. आणि यमूच्या बाळंतपणाचं बोचकं, डिंक, बाळंतशेपा, जुनी लुगडी... सगळं उंदीर सापडायच्या आधीच बांधून तयार होतं. स्वतःच्या आईवर संशय घ्यायचा म्हणजे काय, ते मला कळलं. तिच्याकडे मान वर करून बघवेना.

शुक्रवारी यमू सुखरूप सुटली, मुलगी झाली. त्याच दिवशी कळलं, भिंतीपलीकडून तिसरी तिरडी गेली. आई चुलीवर पाणी तापवत होती, तेव्हा तिला विचारलंच.

"पिंजऱ्यात सापडला होता, बादलीत बुडवला," ती म्हणाली. "हे ऐकेनात. मग काय, पोरीला मरू द्यायचं होतं?"

मी म्हटलं, "आणि गोविंद?" तिने फुंकणी उचलून चूल फुंकली. मग म्हणाली, "तेव्हा बोलले असते तर ह्यांनी सगळ्यांना परत घरात नेलं असतं."

कठीण काळ माणसाकडून वाईट करवून घेतो, हे अण्णांचं म्हणणं खरंच निघालं... फक्त माणूस चुकला. आईला मी वाईट म्हणू शकत नाही. तिने चांगलं केलं, असंही तोंडातून निघत नाही.

आज गोविंदला शोधत स्टेशनपर्यंत जाऊन आलो. कोणी म्हणालं, कल्याणच्या बाजूला चालत गेला, धाकटं पोर अंगावर टाकून... पोर तापाने फणफणलं होतं म्हणे.

उद्या मी कल्याणला निघतोय. भाचीकडे बघितलं की आईचे पाय धरावेसे वाटतात, पण आधी गोविंद सापडू दे.