विनिताबाईंचे चारशे बारा फॉर्म

विनिता गवाणकर ठाण्याच्या कोपरीत राहतात. वय अठ्ठेचाळीस. गेली एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच: अनोळखी घराची कडी वाजवायची आणि आतल्या माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल विचारायचं.

आमची संस्था सरकारी अनुदानावर समाजाचा अभ्यास करते. लोक काय खातात, मुलं शाळा कधी सोडतात, म्हातारी माणसं कोणाजवळ राहतात, असले प्रश्न. अहवालावर नावं शिकलेल्या मंडळींची असतात. उत्तरं मात्र दारोदार हिंडून विनिताबाईंसारखी माणसं आणतात. त्यांना सर्वेक्षक म्हणतात. प्रकल्प असेल तेवढे दिवस काम, संपला की घरी.

मी तिथे छाननी करायचो. निवृत्त झाल्यावरही अधूनमधून बोलावतात. आलेले फॉर्म तपासायचे, आणि शंभरातल्या पाच घरांना फोन करून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तर जुळलं तर ठीक. मला सलग काही लिहायची सवय नाही, फॉर्मच्या कडेला शेरे लिहिण्यात जन्म गेला. पण ही हकिगत मला पहिल्यापासून माहीत आहे, म्हणून लिहितो.

विनिताबाईंच्या काही पद्धती होत्या. त्या दारासमोर कधी उभ्या राहायच्या नाहीत, चौकटीच्या बाजूला राहायच्या. समोर उभं राहिलं की माणसाला नोटीस आल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मुलाखत निम्मी होईपर्यंत चहा घ्यायच्या नाहीत. चहा दिला की माणूस आपल्याला बरं वाटेल असंच बोलतो, म्हणायच्या. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी तरी वाचलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या काही वॉर्डांत बायकांच्या कामाचा सर्वे निघाला. विनिताबाईंच्या वाट्याला शहाडकडच्या चाळी आल्या. फॉर्ममधला चौदावा प्रश्न महत्त्वाचा होता. ‘गेल्या आठवड्यात तुम्ही मोबदल्यासाठी काही काम केलं का?’ प्रशिक्षणात बजावलं होतं की प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही.

पाच आठवड्यांत त्यांनी चारशे बारा घरं केली. शेजारच्या गल्ल्या महेंद्र नावाच्या दुसऱ्या सर्वेक्षकाकडे होत्या. त्याच्या फॉर्मप्रमाणे शंभरातल्या आठ बायका काम करत होत्या. विनिताबाईंच्या फॉर्मप्रमाणे एकसष्ट.

एवढा फरक दिसल्यावर संगणकानेच फॉर्म बाजूला काढले आणि माझ्याकडे ‘हो’ लिहिलेल्या घरांपैकी एकवीस फोन नंबर आले.

महेंद्र त्या दिवशी ऑफिसातच होता. "वहिनी, शहाडला बायकांची फॅक्टरी निघाली काय? की टपरीवर बसून भरले फॉर्म?"

"टपरीवरचं तुला बरं ठाऊक रे," विनिताबाई म्हणाल्या. "तुझ्या टॅबलाही चहाचा वास येतो."

सगळे हसले. मी आत जाऊन फोन लावायला बसलो. माणसांसमोर बसण्यापेक्षा मला फोन सोपा वाटतो. पहिला नंबर सगुणा वाघमोडे या बाईंचा होता.

"गेल्या आठवड्यात तुम्ही मोबदल्यासाठी काही काम केलं होतं का?"

"न्हाई ओ. मी घरीच असते." मग जरा थांबून, "कोण बोलतंय? लाईटवाले का?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. तिने फोन ठेवला. मी शेरा लिहिला, ‘जुळत नाही.’ एकवीस घरांपैकी सतरा जणींनी असंच सांगितलं. घरीच असते.

आमच्याकडे नियम स्पष्ट होता. तीनपेक्षा जास्त उत्तरं जुळली नाहीत तर त्या सर्वेक्षकाचे सगळे फॉर्म रद्द, आणि नाव यादीतून कायमचं बाहेर. नियम चुकीचा नाही. झाडाखाली बसून फॉर्म भरणारे दोघे मी स्वतः पकडले होते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या अभ्यासात खोटं उत्तर शिरलं तर पुढे त्यावर खोटा निर्णय होतो.

पण एकोणीस वर्षांत विनिताबाईंचं उत्तर कधी चुकलं नव्हतं. मी त्यांना बोलावून आकडा सांगितला.

त्यांनी विचारलं, "रिपोर्ट पाठवला, काका?"

"उद्या द्यायचाय."

"मग आज माझ्याबरोबर शहाडला चला. फोनवर अनोळखी बाप्याला कोण खरं सांगणार?"

तपासणाऱ्याने सर्वेक्षकाबरोबर जायचं नाही, हाही नियमच होता. मी छत्री घेतली आणि निघालो.

सगुणाची खोली चाळीच्या टोकाला होती. एक खोली, एक कॉट, कॉटवर स्वच्छ चादर खालपर्यंत सोडलेली. विनिताबाई चौकटीच्या बाजूला उभ्या राहिल्या. सगुणाने त्यांना ओळखलं, पण माझ्याकडे बघून दार जरा ओढून घेतलं.

"ताई, ह्ये कोण? लाईटवाले न्हाईत न्हवं?"

"अगं, हे आमचे काका. ह्यांना घरातला बल्ब बदलता येत नाही, हे मीटर कसले बदलतायत!"

सगुणा हसली आणि आम्ही आत गेलो. विनिताबाईंनी टॅब पिशवीतच ठेवला. जमिनीवर बसल्या, चादर वर केली आणि कॉटखालून जीन्सच्या पँटींचं बंडल ओढलं. तिकडे शिलाईचे कारखाने बरेच आहेत. शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे कापायला बंडलं घरोघर येतात. त्याला धागा कटिंग म्हणतात. विनिताबाईंनी छोटा कटर घेतला आणि एक पँट मांडीवर घेऊन धागे कापायला लागल्या. सगुणानेही दुसरी उचलली.

"आजचा दिवस सांग गं. उठलीस कधी?"

"पाचला. पाणी भरलं, डबा केला."

"मग?"

"मग बसले की कटिंगला. बारापर्यंत."

"मग?"

"जेवले, परत बसले. पोरं शाळेतनं आली की उठायचं, खायला द्यायचं. मग सैपाक होईतवर परत."

मी बोटांवर मोजलं. नऊ तास होत होते. तिची बोटंही मला दिसली. नखांच्या मुळापर्यंत निळी. पँटींचा रंग मुरलेला होता. खोलीत बारीक निळसर कोंडा पडला होता आणि बोलताना ती सारखी खोकत होती.

"मग फोनवर नाही का म्हणालात?" मी विचारलं.

"ते काय काम हाय व्हय, काका?" तिला खरंच नवल वाटलं. "काम म्हंजी कामाला जाणं. मी कुठं जाते? आन् घरात धंदा चालतो म्हणून लाईटवाल्यांनी दुकानाचा मीटर लावला म्हंजी?"

कोणाचा मीटर बदलला होता का, तर नाही. कधीतरी एकजण हातात यंत्र घेऊन चाळीत फिरला होता. तेव्हापासून दारावर पिशवीवाली बाई दिसली की सगळ्यांची बंडलं कॉटखाली जायची.

परत येताना मी खुशीत होतो. विनिताबाईंना म्हटलं, "मी हे सगळं रिपोर्टमध्ये लिहितो. तुमचं नाव जात नाही."

स्टेशनच्या अलीकडे त्या थांबल्या. "काका, एक राहिलंय. सगळ्याच अशा बोलल्या नाहीत. एकतीस घरांत बाई शेवटपर्यंत नाहीच म्हणाली. मी बोटं बघितली आणि हो लिहिलं."

"म्हणजे तुम्ही मनाने लिहिलंत?"

"बोटं खोटी नव्हती, काका."

"फॉर्म बोटांचा नाही. उत्तराचा आहे."

"माहितीये. म्हणून तर सांगतेय." त्या पुन्हा चालू लागल्या. "माझ्या आईने कोपरीत पंचवीस वर्षं लोकांच्या शर्टांना बटणं लावली. कोणी विचारायला आलं की सांगायची, घरीच असते. मी शेजारी बसून ऐकायचे. ह्या बायकांच्या वेळी मला राहवलं नाही. चूक झाली. लिहा तुम्ही."

त्या बोलल्या नसत्या तर ते एकतीस फॉर्म कोणाला कळले नसते. मी घरी येऊन रिपोर्ट लिहिला. सतरा उत्तरं जुळली नाहीत, मी नियम मोडून शहाडला गेलो, तिथे असं असं पाहिलं, आणि एकतीस फॉर्म सर्वेक्षकाने स्वतःच्या मनाने भरले आहेत. चारही गोष्टी लिहिल्या. एकही गाळली असती तर बाकीच्या तिन्हींना अर्थ राहिला नसता.

दोन दिवसांनी बैठक झाली. महेंद्रलाही बोलावलं होतं. प्रकल्पाच्या प्रमुख मैथिली मॅडम. चाळिशीच्या आतल्या, बोलायला मऊ पण आकड्यांना कडक. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"विनिताताई, एकतीस तुम्ही मनाने भरलेत. मग बाकीचे मी खरे कशावरून धरू?"

"धरू नका," विनिताबाई म्हणाल्या. "परत विचारा. मला पाठवू नका, दुसऱ्या कोणालाही पाठवा. फक्त काम करता का, असं विचारू नका. मी विचारला तसा दिवस विचारा. आणि मीटरशी आपला संबंध नाही असं मराठीत लिहून, सहीशिक्क्याचा कागद द्या."

"आणि तरी उत्तर नाही असंच आलं तर?"

"तर मी खोटी. नाव काढून टाका."

मैथिली मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचं मत?"

बैठकीत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणालो, "आपण विचारलं ते त्यांनी खरं सांगितलं. आपलंच विचारणं चुकलंय."

त्यांनी पेन खाली ठेवला. "एकतीस आत्ताच रद्द. उरलेल्यांतली साठ घरं दुसऱ्या कोणाकडून पुन्हा करून घ्या. आणि महेंद्र, तुमच्यातली शंभर घरंही तुम्हीच पुन्हा करायची, नव्या पद्धतीने."

"माझी कशाला?" महेंद्र म्हणाला. "माझी जुळलीयेत की!"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस विनिताबाई ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसायच्या, जुने कागद लावून द्यायच्या. फोन वाजला की त्यांचा हात थांबायचा. कामावर पाठवलं नव्हतं, काढलंही नव्हतं.

नवव्या दिवशी महेंद्र आला. हेल्मेट काखेत, नेहमीची मस्करी नाही. सरळ विनिताबाईंसमोर जाऊन बसला.

"वहिनी, एका घरात गेलो. कागद दाखवला, दिवस विचारला. बाई चौथ्या मिनिटाला उठली आणि म्हणाली, जरा बाजूला व्हा. मी ज्या गादीवर बसलेलो ना, तिच्या खालून बंडल काढलं तिने. महिन्यापूर्वी त्याच घरात, त्याच जागी बसून मी लिहून आलेलो, काम नाही." त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "बंडलावर बसलेलो मी, वहिनी."

"मऊ लागलं असेल," विनिताबाई म्हणाल्या. मग दोघंही इतके हसले की आतून मैथिली मॅडम बाहेर आल्या.

महेंद्रच्या शंभर बायकांपैकी आता सत्तावन्न काम करत होत्या. विनिताबाईंच्या साठ घरांपैकी दोनच जुळली नाहीत. त्यातल्या एकीचं काम मधल्या काळात सुटलं होतं. तीनशे एक्याऐंशी फॉर्म राहिले. विनिताबाईंना रद्द झालेल्या एकतीस फॉर्मांबद्दल लेखी समज दिली गेली, आणि ती त्यांनी वाचून सही करून घेतली. दोन्ही गोष्टी बरोबर झाल्या, असं माझं ठाम मत आहे.

अहवाल निघाला. त्यातली चार पानं कटिंग करणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर होती. त्या भागातल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी ती पानं वाचून संस्थेला फोन केला. या बायका त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत होत्या आणि केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘गृहिणी’ लिहिलेलं असायचं. बाटलीभर औषध द्यायचं आणि पाठवायचं. आता तिथे नाव-वयानंतर विचारतात, दिवसभरात घरी काय काय करता? कोंडा अंगावर येणारं काम असेल तर छाती तपासायला पाठवतात, फरशी ओल्या फडक्याने पुसायला आणि तोंडाला रुमाल बांधायला सांगतात. सगुणा पहिल्या महिन्यातच जाऊन आली. एवढंसं वाटेल वाचताना. पण चुकीच्या प्रश्नामुळे ज्या बायका मोजणीतच नव्हत्या, त्यांच्या छातीला आता कोणीतरी नळी लावतं. सर्वे करून काय होतं, असं मला आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी विचारतं. मी आता हे सांगतो.

या वर्षी ठाण्याला नव्या सर्वेक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला विनिताबाई होत्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. चौदावा प्रश्न आता दिवसाच्या तक्त्याचा झालाय, पहाटेपासून झोपेपर्यंत.

संचिता नावाच्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, समजा बाई नाहीच म्हणाली, आणि आपल्याला तर समोर दिसतंय. मग काय टाकायचं?"

"नाही टाकायचं," विनिताबाई म्हणाल्या. "ती म्हणाली ते. तिचं उत्तर तिचं आहे."

"पण मग दिसलं ते गेलं ना फुकट?"

"खाली रिकामी जागा ठेवलीये, बघ. तुला काय दिसलं ते तिथे लिही, आणि खाली तुझी सही कर. आमच्या वेळेला ती जागा नव्हती. मी तिचं उत्तरच बदललं, एकतीस वेळा. समज मिळालीये मला, ऑफिसात फाईल आहे. ज्याला बघायची असेल त्याने जेवणाच्या सुट्टीत येऊन वाचावी."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. विनिताबाईंनी शांतपणे पुढचं पान उलटलं.

सुट्टीत दोघी-तिघी खरंच फाईल मागायला आल्या. मी काढून दिली.