माळासाठी स्थळ शोधणारे माझे व्याही

माझा जावई न सांगता कधी येत नाही. त्या दिवशी तो टोमॅटोच्या बांधावर ऑफिसच्या बुटांसकट येऊन उभा राहिला, तेव्हाच मी हातातलं सुतळीचं बंडल खाली ठेवलं. "आबा, दादा गेले," म्हणाला. सकाळी अंघोळ करून बाहेर आले, देवाला हात जोडले आणि बसल्या जागी गेले... दादा म्हणजे त्याचे वडील वसंतराव, माझे व्याही. सव्वा महिना झाला. लोक पोरीला भेटतात, जावयाला भेटतात, व्याह्याला कोण विचारतो? पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

ते नाशिकला पंचवटीत राहायचे, बँकेत साहेब होते. माझ्या सुनीताला बघायला आमच्या गावी, सिन्नरच्या खालच्या अंगाला आले, पोहे खाल्ले, पसंती सांगून गेले. मी मात्र हो म्हटलं नाही. एका साध्या वारी एसटीनं नाशिकला गेलो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या स्टुलावर चहा घेत बसलो. घरात भांडणं होतात का, म्हातारीला वेळेवर जेवायला घालतात का, सगळं विचारून घेतलं. दूधवाल्यालाही थांबवलं. तेवढ्यात समोर कोण उभं? खुद्द वसंतराव! म्हणाले, "चहा घरी घेतला असता तर पातेली पण बघून झाली असती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी मान खाली घातली नाही. म्हणालो, "पोरगी देतोय साहेब, बकरू नाय." ते मोठ्यानं हसले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. पातेली दाखवली. खरंच दाखवली.

रिटायर झाल्यावर ते नातवंडांना घेऊन आमच्याकडे येऊन राहायचे. एकदा सकाळी मी चिखलानं भरलेल्या पायांनी घरात शिरलो. "एवढ्या सकाळी पाणी भरून झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, आमच्या शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. या आठवड्यात रात्रीची हाय. दुपारी उन्हात एकटेच आमच्या माळावर जाऊन आले. तो माळ म्हणजे नुसता मुरूम, कुसळं आणि वीस-पंचवीस घरांची वाटणी. संध्याकाळी म्हणाले, "आबा, तुमच्या माळावर काही पिकत नाही म्हणता, ऊन पिकतं की." सौरऊर्जेचा प्रकल्प टाकायचा, वीज गावाच्याच उपकेंद्रात द्यायची, म्हणजे शेतीला रोज दिवसा लाईट. जमीन आमचीच राहील, भाड्यानं द्यायची. फक्त पैसा लावणारा पाहिजे होता.

तो "फक्त" त्यांना चार वर्षं पुरला. पत्रं लिहायचे, मुंबई-पुण्याला जायचे, लोकांना माळ दाखवायला आणायचे. कुणी गाडीतून उतरायच्या आधीच जागा लहान आहे म्हणाला, कुणाला जमीन विकतच पाहिजे होती. एक जण इतकं गोड बोलला की आम्ही त्याला पुरणपोळी खाऊ घातली. त्यानं परत फोन उचलला नाही. मी डिवचायचो, "साहेब, बँकेत लोक तुमच्या दारात उभे राहायचे, आता तुम्ही लोकांच्या." ते म्हणायचे, "मुलीच्या बापाला उभं राहावंच लागतं आबा. तुम्ही नाही राहिलात, तुम्ही स्टुलावर बसलात."

शेवटी एका कंपनीनं सगळं मान्य केलं. भाडं, मुदत, गावाला वीज, सगळं. गावात पेढे वाटायचेच बाकी होते. पण साहेब माझ्याकडे आले. "कागद मी बघितले. आता तुमचं काम. चला स्थळ बघायला." त्या कंपनीनं सटाण्याकडे एका गावात असाच प्रकल्प केला होता. आम्ही कुणाला न कळवता एसटीनं गेलो. साहेब चढावर दोनदा थांबले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "वय झालं." मी म्हणालो, "बँकेत बसून बसून मऊ पडला तुम्ही."

प्रकल्प झकास होता. काचा चकचकीत, गेटवर माणूस. त्याला काहीच विचारलं नाही. तारेच्या कुंपणाच्या कडेकडेनं एक म्हातारी मेंढरं हाकत चालली होती, तिला थांबवलं. तिनं तारेपलीकडे हात केला. "तठे पाणी शे, पन जावाले वाट नही." नाल्याच्या पाण्यावर जायची पूर्वीची वाट तारेच्या आत गेली होती. आता नाल्यावर जायला मेंढरं अख्ख्या डोंगराला वळसा घालत होती. मी विचारलं, कंपनीला सांगितलं नाही का? तर म्हणाली, सांगितलं, ते म्हणतात मुंबईला मेल करा. मग आम्हालाच विचारायला लागली, "मेल कोठे ऱ्हास?" हा मेल राहतो कुठं, म्हणून.

मी तिथंच साहेबांना म्हणालो, हे स्थळ मोडायचं. ते म्हणाले, "अहो, वाटेचं आपण करारात घालू." मी म्हटलं, "ज्यानं एक सून नीट नांदवली नाय, त्याला दुसरी द्यायची नाय." "स्थळं काय रोज येतात का आबा?" एवढं बोलून ते परतीच्या एसटीत सिन्नरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

माळावरचा माझा तुकडा मधोमध. माझ्या सहीशिवाय काही होत नव्हतं. बैठकीत मी नाही म्हणालो आणि गाव माझ्यावर तुटून पडलं. "म्हातारा आडवा पडला," "याला उजेडाचं वावडं हाय," तोंडाला येईल ते. साहेबांनी एक शब्द टाकला असता तर भावकीनं मला दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर आणलं असतं. ते उठले, चष्मा पुसला. म्हणाले, "आबांचं बरोबर आहे. आपण दुसरं बघू." आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून पत्रं लिहायला बसले... मला वाटलं, मी जिंकलो.

तेराव्यानंतर सुनीतानं सांगितलं. सटाण्याला जायच्या आधीच डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हृदय थकलंय, फार तर वर्षभर. साहेबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, एसटीनं प्रवास केला तर चालेल का? मी पोरीवर ओरडलो, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "दादांनी शपथ घातली होती. म्हणाले, आबांना कळलं तर ते सही करतील. मला तशी सही नको."

केली असती. डोळे झाकून केली असती, हे मी इथं लिहून देतो. त्यांना ठाऊक होतं की दुसरं स्थळ बघायला आपल्याला दिवस नाहीत, आणि तरी ते भर बैठकीत उभं राहून दुसरं बघू म्हणाले. ती कंपनी नको होती, हे मी आजही म्हणतो. पण त्या माणसाला माळावर एक तरी काच चमकताना दिसायला पाहिजे होती, आणि ती मी दिसू दिली नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

परवा नाशिकला पोरीकडे गेलो. साहेबांच्या खोलीत टेबलावर त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. मी म्हणालो, बंद कर तो आता. सुनीता म्हणाली, "दादांनी किती ठिकाणी पत्रं टाकलीत आबा, कुणाचं उत्तर कधी येईल काय सांगावं." आणि दुपारी तो खरंच वाजला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. वसंतराव सर आहेत का, सिन्नरच्या जागेबद्दल त्यांचं पत्र होतं, आम्हाला उत्तर द्यायला उशीर झाला. सुनीताचे डोळे भरून आले, तिनं फोन माझ्या हातात दिला.

"सर नाहीत आता," मी म्हणालो. "मी त्यांचा व्याही. मधला तुकडा माझाच हाय." बाई बिचाऱ्या दोन-तीनदा सॉरी म्हणाल्या आणि फोन ठेवायला निघाल्या. "ठेवू नका ताई. आधी सांगा, तुमचं काम कुठल्या गावात झालंय?" त्यांनी नाव सांगितलं. गाडी पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, "गाडी नको. आणि मी येतोय हे तिथं कुणाला कळवू नका."

सुनीतानं कागद पुढं सरकवला. मी त्या गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली मंगळवार लिहिलं. लिहून झाल्यावर ध्यानात आलं की मी साहेबांच्या खुर्चीत बसलोय. उठलो नाही.