गोलकीपर आणि माझ्या हातचा पेला

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, १९९६ च्या सीझनमध्ये आमच्या पेठेच्या फुटबॉलचं भवितव्य माझ्या उजव्या हातात होतं. हसू नका!

शकुन-अपशकुनावर माझा कधीच विश्वास नव्हता. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं टाकलेला उतारा खुशाल ओलांडून कॉलेजला जाणारी मुलगी मी. आणि तरीही...

आमचे आण्णा रोज पहाटे दोन म्हशी घेऊन पेठेतल्या दूधकट्ट्यावर उभे राहायचे. गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा. द्यायचं काम माझं. वय सतरा. तिथंच सुनील यायचा — आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. दिसायला देखणा, बॉल अडवण्यात शून्य.

एका मॅचच्या सकाळी त्यानं पहिल्यांदा माझ्या हातून पेला घेतला. त्या दुपारी पेनल्टीला गडी डावीकडं पडला, बॉल उजवीकडं गेला... आणि गोललाइनवर थांबला. कुणीतरी पाय ठेवावा तसा! मग सावकाश मागं घरंगळला. मी मैदानाच्या पायरीवरून स्वतः पाहिलं.

पुढं प्रत्येक मॅचला असंच काहीतरी. एकदा मला ताप आला, पेला माझ्या भावानं दिला — त्या दिवशी चार गोल खाल्ले.

दरम्यान मला सुनीलच्या चिठ्ठ्या येत होत्या. 'तुझ्याशिवाय जगणं नाही' वगैरे. मी त्या इंग्लिशच्या गाईडमध्ये जपल्या होत्या. फायनलच्या आदल्या दिवशी मात्र टीमच्या कॅप्टनला त्याला म्हणताना ऐकलं, "सुन्या, कप हातात येईस्तोवर पोरगीला नाराज करू नगंस."

सुन्या हसला.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! फायनलच्या सकाळी पेला हातात धरूनच त्याला विचारलं, "आज दूध न्हाय. नुसती मी हाय. चालंल?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पेल्याकडं.

"एक घोट तरी दे की!"

मी तो पेला त्याच्या डोळ्यांदेखत गटागटा प्यायले. त्या दुपारी बॉल त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. तीनदा.

संध्याकाळी अख्खी टीम आमच्या दारात. मला वाटलं, भांडायला आलेत. तर तालमीचे वस्ताद आण्णांपुढं हात जोडून म्हणतात, "आण्णा, पोरगी आमच्या सुनीलला द्या. पुढच्या सालचा कप पेठंतच ऱ्हाईल." सुनील मान खाली घालून लाजत होता. लाजत! सहा महिने मी ज्याची वाट बघितली, ते मागणं आलं होतं — आणि ते कपासाठी!

तो बॉल लाइनवर का थांबला, मला आजही सांगता येत नाही. म्हशी त्याच, वैरण तीच, पेला तोच. शोधून थकले. पण आण्णा तोंड उघडायच्या आत मी काय ओरडले, ते गल्लीतल्या जुन्या माणसांना अजून पाठ आहे :

"पैला ह्येला बॉल धराय शिकवा, मग माझा हात मागाय या!"